यकृतातले आठ दिवस

दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलात लढणाऱ्या ऑस्ट्रेलियन फौजांना शत्रूच्या गोळ्यांपेक्षा मलेरियानं अधिक जेरीस आणलं होतं. 1943 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या केर्न्स शहरात सैन्यानं एक संशोधन केंद्र उघडलं आणि ते नील हॅमिल्टन फेअर्ली या डॉक्टरकडे सोपवलं. आजारपणातून उठत असलेले सैनिक तिथे स्वखुशीनं प्रयोगासाठी पुढे आले. मलेरियाचे डास त्यांना चावू दिले जात, मग ठरावीक वेळांनी त्यांचं रक्त काढून दुसऱ्या निरोगी स्वयंसेवकाला दिलं जाई. त्या दुसऱ्या माणसाला ताप आला, तर पहिल्याच्या रक्तात त्या क्षणी परजीवी होता, हे सिद्ध होई.

या साध्या पद्धतीतून चक्रावून टाकणारी गोष्ट बाहेर आली. डास चावल्यानंतर जेमतेम अर्धा तास रक्त दुसऱ्याला बाधत होतं. त्यानंतर त्याच माणसाचं रक्त पूर्ण निर्धोक. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस, काही नाही. मग फाल्सिपॅरम जातीच्या मलेरियात सुमारे सहा-सात दिवसांनी आणि व्हायवॅक्स जातीत आठ-नऊ दिवसांनी रक्त पुन्हा बाधू लागे. मधल्या काळात परजीवी शरीरात होता, पण रक्तात नव्हता.

तो कुठे होता, हे आज शाळेच्या पुस्तकातही असतं: यकृतात. पण 'यकृतात' असं उत्तर देणं आणि तिथे तो नेमकं काय करतो हे डोळ्यांनी पाहणं, यांत फार मोठं अंतर आहे. हे अंतर कापायचं, तर माणसाची यकृतपेशी शरीराबाहेर, प्रयोगशाळेत, जिवंत आणि कामसू ठेवावी लागते. गेली चाळीसेक वर्षं जगभरातले संशोधक त्यामागे आहेत. मलेरियाचं समूळ उच्चाटन ज्या थोड्या गोष्टींवर अवलंबून आहे, त्यांत हे काम मला फार वरचं वाटतं, आणि त्याची चर्चा आपल्याकडे जवळपास होत नाही.

एक चूक आणि पंचेचाळीस वर्षं

फ्रेंच लष्करी डॉक्टर आल्फोन्स लाव्हरां यांनी 1880 मध्ये अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात मलेरियाचा परजीवी पाहिला. 1897 मध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना तो डासाच्या पोटात सापडला. कोडं सुटल्यासारखं वाटलं. डास परजीवी सोडतो, परजीवी तांबड्या पेशीत शिरतो, ताप येतो. 1903 मध्ये फ्रिट्झ शाउडिन या नामवंत जर्मन शास्त्रज्ञानं तर डासाच्या लाळेतून आलेला परजीवी, म्हणजे स्पोरोझॉइट, थेट तांबड्या पेशीत शिरताना आपण पाहिल्याचं जाहीर केलं. शाउडिन यांचा दबदबा मोठा होता, दोनच वर्षांनी सिफिलिसच्या जंतूचा शोधही त्यांच्या नावावर लागला. त्यामुळे इतर कुणालाही तो देखावा पुन्हा दिसला नाही, तरी त्यांचं म्हणणं पाठ्यपुस्तकांत टिकून राहिलं.

ते मोडून काढलं लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमधल्या हेन्री शॉर्ट आणि सिरिल गार्नहॅम यांनी. शॉर्ट यांची उमेदीची वर्षं इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये, काळाआजाराचा माग काढण्यात गेली होती. दोघांनी माकडांमधला व्हायवॅक्ससारखाच एक मलेरिया निवडला. सुमारे 500 बाधित डास एकाच माकडाला दिले, कारण परजीवी थोडे असतील तर यकृताच्या अब्जावधी पेशींमध्ये ते हाती लागणार नाहीत, हे त्यांनी ओळखलं होतं. सातव्या दिवशी यकृताचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तेव्हा पेशी फुगवून बसलेले परजीवींचे पुंजके स्पष्ट दिसले. हे 1948 सालचं. त्याच वर्षी एका स्वयंसेवकाच्या यकृताचा छोटा तुकडा काढून माणसातल्या व्हायवॅक्सचंही हेच रूप त्यांनी दाखवलं.

त्या दुसऱ्या शोधनिबंधावर चार नावं आहेत, आणि त्यांतलं एक मुंबईच्या परिचयाचं आहे: गॉर्डन कोव्हेल. मुंबईतल्या मलेरियाचं मूळ शहरातल्या विहिरी आणि टाक्यांत वाढणाऱ्या ॲनोफिलीस स्टीफेन्सी डासात आहे, हे 1911 मध्ये सी. ए. बेंटली यांनी तपशीलवार मांडलं होतं. 1928 मध्ये कोव्हेल यांनी मुंबईची पुन्हा पाहणी करून अहवाल दिला. विहिरी बुजवण्या-झाकण्यावरून तेव्हाच्या मुंबईत धार्मिक भावना दुखावल्या, वादही झाले. गिरगाव-फोर्टच्या विहिरींत डासांच्या अळ्या शोधणारा हा माणूस वीस वर्षांनी यकृतातल्या परजीवीच्या शोधात सहभागी होता. मलेरियाचा अभ्यास तेव्हाही असाच रस्त्यावरून प्रयोगशाळेपर्यंत एका धाग्यानं जोडलेला होता.

पेशीच्या आत

बाधित डास चावतो तेव्हा त्वचेत साधारण काही डझन, फार तर शे-दोनशे स्पोरोझॉइट सोडतो. त्यांतले काही रक्तवाहिनी गाठतात आणि रक्ताबरोबर यकृतात पोचतात. तिथल्या रक्तवाहिन्यांत भक्षक पेशींचा पहारा असतो. तो चुकवून स्पोरोझॉइट यकृताच्या ऊतीत शिरतो आणि एक विचित्र गोष्ट करतो. पहिल्या पेशीत तो मुक्काम करत नाही. एकामागून एक अनेक पेशी भेदून पुढे जातो आणि शेवटी एका पेशीत स्थिरावतो. त्या पेशीत तो स्वतःभोवती पेशीच्याच आवरणाचा एक कप्पा तयार करतो, आणि त्या कप्प्यात बसून वाढतो.

फाल्सिपॅरमचा एक स्पोरोझॉइट सुमारे साडेसहा दिवसांत 30 ते 40 हजार नव्या परजीवींना जन्म देतो. व्हायवॅक्समध्ये आठेक दिवस लागतात आणि संख्या 10 हजारांच्या आसपास असते. इतकं होईपर्यंत यजमान पेशी मरत नाही, सूज येत नाही, माणसाला काही जाणवत नाही. उंदरांमधल्या मलेरियाचा अभ्यास करताना 2006 मध्ये दिसलं, की परजीवी पेशीचंच आवरण पांघरून, पुड्यांच्या रूपानं रक्तात बाहेर पडतात. त्या आवरणामुळे पहारेकरी पेशींना ते परके वाटत नाहीत. त्या पुड्या रक्तात फुटतात, तांबड्या पेशींवर हल्ला होतो आणि हुडहुडी भरते.

औषधशास्त्राच्या दृष्टीनं पाहिलं, तर यकृतातली अवस्था ही परजीवीची सर्वांत नाजूक घडी आहे. संख्या अगदी थोडी, आजार सुरू झालेला नाही आणि डासाकडे परत जाणारी रूपं अजून तयार व्हायची आहेत. इथे अडवलं, तर रोगही थांबतो आणि प्रसारही.

जो उठत नाही, तो

व्हायवॅक्सच्या बाबतीत यकृताचं महत्त्व आणखी वाढतं. त्याचे काही स्पोरोझॉइट पेशीत शिरतात आणि वाढतच नाहीत. एकाच केंद्रकाचं, पेशीच्या मानानं अगदी बारीक असं रूप घेऊन ते पडून राहतात. त्यांना हिप्नोझॉइट म्हणतात. 1980 च्या सुमारास वोय्चेक क्रोटोस्की, गार्नहॅम आणि सहकाऱ्यांनी माकडाच्या यकृतात ते प्रत्यक्ष दाखवले. काही आठवड्यांनी, कधी आठ-दहा महिन्यांनी त्यातला एखादा जागा होतो आणि डास न चावताच माणसाला पुन्हा मलेरिया होतो. मुंबई-ठाण्यात ज्यांना व्हायवॅक्स झाला आहे, त्यांच्यापैकी अनेकांनी हा उलटलेला ताप अनुभवला असेल.

रक्त तपासून हिप्नोझॉइट ओळखता येत नाही. क्लोरोक्विननं रक्तातला परजीवी मरतो, यकृतातला तसाच राहतो. म्हणून आपल्या हिवताप कार्यक्रमात 'समूळ उपचार' म्हणून प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस दिल्या जातात. कधी काळी हा कोर्स आपल्याकडे पाच दिवसांचा होता. 1990 च्या दशकात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या औषधशास्त्रज्ञांनी पाच आणि चौदा दिवसांची तुलना केली. पाच दिवसांच्या कोर्सनं ताप उलटणं थांबत नाही, हे या रुग्णालयातल्या अभ्यासातून पुढे आलं आणि देशाचं धोरण कालांतरानं चौदा दिवसांकडे वळलं.

चौदा दिवस मात्र फार मोठी मुदत आहे. तिसऱ्या दिवशी ताप गेलेला असतो, बांधकामावरच्या मजुराला रोजंदारीवर जायचं असतं, आणि उरलेल्या गोळ्या खोलीच्या कोपऱ्यात पडून राहतात. शिवाय ज्यांच्या शरीरात जी-सिक्स-पी-डी हे विकर कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी प्रायमाक्विननं फुटतात. आपल्या काही आदिवासी समाजांत ही कमतरता तुलनेनं जास्त आहे. गर्भवती स्त्रियांना हे औषध देता येत नाही. टॅफेनोक्विन हे एका मात्रेचं औषध 2018 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण ते प्रायमाक्विनच्याच कुळातलं आहे आणि त्याच विकराची अट त्यालाही आहे. म्हणजे सुप्त परजीवीवर आपल्याकडे सात दशकांत एकाच कुळातली औषधं आली. दुसरं कूळ शोधायचं तर हिप्नोझॉइटवर हजारो रसायनं वापरून पाहावी लागतील. ती माणसावर वापरता येत नाहीत. म्हणून यकृतपेशी हवी.

बशीतली पेशी

यकृताला शरीरात विलक्षण पुनर्निर्मितीची ताकद आहे. मोठा भाग कापला तरी ते पुन्हा भरून येतं. पण तीच पेशी बाहेर काढून पोषक द्रावात ठेवली, की ती बहुधा विभागत नाही आणि काही दिवसांतच स्वतःचं काम विसरते. विकरं बनवणं थांबतं, आकार पसरट होतो. उपटून पाण्यात ठेवलेल्या रोपासारखी ती हिरवी दिसते, पण धरत नाही.

हे टाळायला संशोधक प्रथम कर्करोगाच्या पेशींकडे वळले, कारण त्या अमर्याद वाढतात. अर्जेंटिनातल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या यकृतातल्या गाठीतून 1970 च्या दशकात हेप-जी-टू ही पेशीमालिका तयार झाली होती. 1980 च्या दशकात उंदरांच्या मलेरियाचा परजीवी, प्लाझमोडियम बर्घाय, तिच्यात वाढवण्यात यश आलं. पण माणसाचा फाल्सिपॅरम तिच्यात नीट शिरेना. त्याचं कारण 2003 मध्ये समजलं. फाल्सिपॅरमला पेशीत शिरायला पेशीच्या पृष्ठभागावरचं सी-डी-81 हे प्रथिन लागतं, आणि हेप-जी-टूच्या पृष्ठभागावर ते नाही. बर्घायला त्याची गरज पडत नाही. उंदराच्या मलेरियावरून काढलेले निष्कर्ष माणसाला सरसकट लावता येत नाहीत, हे त्या एका प्रथिनानं शिकवलं.

म्हणून पॅरिसमध्ये डोमिनिक माझिए आणि सहकाऱ्यांनी कठीण मार्ग धरला: शस्त्रक्रियेत काढलेल्या माणसाच्या खऱ्या यकृतातून पेशी वेगळ्या करायच्या. कोलॅजिनेज हे विकर सोडून यकृताची ऊती सैल करतात, पेशी सुट्या होतात, त्या बशीत बसवतात आणि मग त्यांच्यावर स्पोरोझॉइट सोडतात. 1984 मध्ये व्हायवॅक्स आणि 1985 मध्ये फाल्सिपॅरम अशा रीतीनं प्रयोगशाळेत यकृतपेशीत वाढले. विज्ञानाच्या इतिहासात या दोन निबंधांचं मोल फार आहे. पण अशी पेशी मिळणं दैवावर अवलंबून होतं, आणि प्रत्येक दात्याची पेशी वेगळी वागे. 2006 मध्ये थायलंडमध्ये जेत्सुमोन सत्ताबोंगकोत यांच्या गटानं एच-सी-झिरो-फोर ही पेशीमालिका दाखवली, जिच्यात फाल्सिपॅरम आणि व्हायवॅक्स दोन्ही वाढतात.

पेशीमालिकेतही एक मूलभूत उणीव राहते. प्रायमाक्विन स्वतः परजीवीला फारसं काही करत नाही. यकृतातलं सी-वाय-पी-टू-डी-सिक्स हे विकर त्याचं रूपांतर करतं आणि त्यातून परजीवीला मारणारी रसायनं तयार होतात. पेशीमालिका हे विकर पुरेसं बनवत नसेल, तर प्रयोगात प्रायमाक्विन निकामी ठरेल, आणि हेच इतर नव्या औषधांच्या बाबतीतही घडेल. पेशी नुसती जिवंत असून भागत नाही. ती यकृतासारखी वागली पाहिजे.

शेजार

भारतीय वंशाच्या संगीता भाटिया या एम.आय.टी.मधल्या अभियंत्या-डॉक्टर. संगणकाच्या चिपवर बारीक नक्षी उमटवण्याचं तंत्र त्यांनी पेशींसाठी वापरलं. बशीच्या तळाला कोलॅजेनची गोल, अर्धा मिलिमीटर रुंदीची बेटं उमटवायची. यकृतपेशी फक्त त्या बेटांवर बसतात. मग मधल्या मोकळ्या जागेत उंदराच्या संयोजी ऊतीच्या पेशी सोडायच्या. आपल्या जातीच्या पेशी किती जवळ आहेत आणि परक्या किती, हे प्रमाण ठरवून दिलं, की यकृतपेशी आठवडेच्या आठवडे प्रथिनं आणि विकरं बनवत राहते. 2008 मध्ये सलमान खेतानी आणि भाटिया यांनी ही पद्धत मांडली. 2013 मध्ये त्यांच्या गटानं गोठवून ठेवलेल्या मानवी यकृतपेशींची अशी बेटं करून त्यांत फाल्सिपॅरम आणि व्हायवॅक्स वाढवले. व्हायवॅक्सच्या प्लेटमध्ये मोठ्या, वाढत्या रूपांबरोबर हिप्नोझॉइटसारखी बारीक रूपं तीन आठवड्यांपर्यंत टिकून होती.

गोठवलेल्या पेशींचा फायदा असा, की दात्याचं यकृत एकदा मिळालं, प्रत्यारोपणाला योग्य नसलं तरी त्याच्या पेशींच्या शेकडो कुप्या करून ठेवता येतात आणि महिनोन्‌महिने त्याच पेशींवर तुलना करता येते. पुढे 2014 मध्ये याच गटाला आणखी एक गोष्ट आढळली. हवेतला प्राणवायू कमी केला, तर परजीवी अधिक चांगला वाढतो. यकृतात रक्त येतं त्या बाजूच्या पेशींना प्राणवायू जास्त, जातं त्या बाजूच्या पेशींना कमी मिळतो, आणि त्यानुसार पेशींची कामंही बदलतात. इन्क्युबेटरमधली साधी हवा यकृताच्या मानानं फार प्राणवायुयुक्त आहे, हे संशोधकांना पुन्हा लक्षात घ्यावं लागलं. 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात विल्यम ट्रेगर आणि जेम्स जेन्सन यांनी फाल्सिपॅरमची रक्तातली अवस्था पहिल्यांदा सलग वाढवली, तेव्हाही प्राणवायू कमी करायला त्यांनी बंद बरणीत मेणबत्ती लावली होती.

माकडांमधल्या मलेरियावर काम करताना मालीचे शास्त्रज्ञ लोरां देम्बेले आणि माझिए यांच्या गटानं 2014 मध्ये यकृतपेशी चाळीस दिवस टिकवल्या आणि सुप्त परजीवी जागे होताना बशीतच पाहिले. जी गोष्ट आतापर्यंत रुग्णाच्या उलटलेल्या तापावरून केवळ अंदाजानं सांगता यायची, ती प्रयोगाच्या टेबलावर आली.

रुग्णाजवळची प्रयोगशाळा

यकृतपेशी तयार आहे, पण स्पोरोझॉइट आणायचे कुठून? फाल्सिपॅरम प्रयोगशाळेत रक्तात वाढवता येतो, त्यातून डास बाधित करता येतात. व्हायवॅक्सला मात्र अगदी कोवळ्या तांबड्या पेशीच लागतात आणि त्याची सलग वाढ अजून साधलेली नाही. म्हणून प्रत्येक वेळी रुग्णच हवा.

काम असं चालतं. दवाखान्यात व्हायवॅक्सचा रुग्ण येतो, संमती देऊन थोडं रक्त देतो आणि त्याचे उपचार सुरू होतात. ते रक्त लगेच कोमट ठेवून पातळ पडद्यामागून डासांना पाजलं जातं. डास सव्वीस-सत्तावीस अंशांच्या दमट खोलीत साखरपाण्यावर दोन आठवडे सांभाळले जातात. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली सुयांनी एकेका डासाच्या लाळग्रंथी वेगळ्या करून बर्फावर गोळा करतात. स्पोरोझॉइट काही तासांत वापरावे लागतात. डासाबरोबर बुरशी आणि जिवाणू येतात, त्यांनी प्लेट खराब होऊ नये म्हणून औषधं घालावी लागतात. एवढं करून बाधित होणाऱ्या पेशींचं प्रमाण फारच थोडं असतं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत 384 खळग्यांच्या छोट्या प्लेटमध्ये हे सगळं बसवलं गेलं, म्हणजे शेकडो रसायनं एका वेळी तपासता येऊ लागली. बाधित पेशींना रंगीत प्रतिपिंड लावून यंत्रानं छायाचित्रं काढतात: मोठा ठिपका म्हणजे वाढता परजीवी, बारीक ठिपका म्हणजे बहुधा हिप्नोझॉइट.

रक्त विमानानं पाठवून भागत नाही, म्हणून ही प्रयोगशाळा रुग्ण जिथे असतील तिथेच लागते: थायलंड, कंबोडिया, पेरू, ब्राझील. आणि आपल्याकडे गोवा. 2010 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या मदतीनं सुरू झालेल्या मलेरिया केंद्रांपैकी दक्षिण आशियाचं केंद्र सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले प्रदीपसिंह राठोड यांच्या नेतृत्वाखाली बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात उभं राहिलं. पणजीत 1980 च्या दशकात बांधकामं वाढली आणि मलेरियाही वाढला. देशभरातून मजूर येत, त्यांच्याबरोबर निरनिराळ्या प्रदेशांतले परजीवी येत. संशोधनाच्या दृष्टीनं बांबोळीच्या एका बाह्यरुग्ण विभागात अख्ख्या देशाचा नमुना पाहायला मिळाला. गोव्यात आता रुग्णसंख्या खूप घटली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ज्या रक्तातून हिप्नोझॉइटचं कोडं सुटायचं, ते रक्तही दुर्मीळ होत चाललं आहे. हे काम करण्याची वेळ रुग्ण पूर्ण संपल्यावरची नाही, आत्ताची आहे.

पुण्यातून आफ्रिकेत

यकृताच्या अभ्यासाचं एक फळ आपल्या अगदी जवळ आलं आहे. स्पोरोझॉइटच्या अंगावर एका प्रथिनाचा दाट थर असतो. यकृतपेशीला धरून आत शिरण्यात त्याचा मोठा वाटा असतो. त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार झाले, तर स्पोरोझॉइट पेशीत पोचण्याआधीच अडतो. आर-टी-एस-एस या लशीची जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये आणि आर-21 या लशीची 2023 मध्ये शिफारस केली, त्या दोन्ही याच तत्त्वावर उभ्या आहेत. ऑक्सफर्डमध्ये विकसित झालेली आर-21 पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते. जुलै 2024 मध्ये आयव्हरी कोस्टमधल्या बाळांना ती नियमित लसीकरणात मिळू लागली. 2023 मध्ये जगात मलेरियानं सुमारे 5 लाख 97 हजार माणसं दगावली, बहुतेक आफ्रिकेतली आणि त्यांतही पाच वर्षांखालची मुलं. त्या मुलांसाठी पुण्याहून निघणाऱ्या कुपीचा अर्थ काय असेल, हे वेगळं सांगायला नको.

पण या दोन्ही लशी फाल्सिपॅरमवर आहेत. व्हायवॅक्सवर अशी लस नाही, आणि आधीच यकृतात जाऊन झोपलेल्या परजीवीला अशी कुठलीच लस हात लावू शकत नाही. भारताच्या वाट्याचा प्रश्न नेमका हाच आहे. 2030 पर्यंत मलेरियामुक्त होण्याचं आपलं राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. गडचिरोलीत आशाताई झटपट तपासणीचं (आर.डी.टी.) किट घेऊन पाड्यापाड्यावर जातात, मुंबईत पालिकेचे कर्मचारी गच्चीवरच्या टाक्या तपासत चढतात. त्यांच्यामुळे रुग्ण घटले आहेत. तरी डासांचं एकही नवं पैदासस्थान नसताना मागच्या पावसाळ्यातला एखादा हिप्नोझॉइट नव्या रुग्णाला जन्म देऊ शकतो, आणि तो कुणाच्या यकृतात आहे हे सांगणारी चाचणी आज नाही.

ही चाचणी आणि चौदा दिवसांऐवजी दोन-तीन दिवसांत काम करणारं, जी-सिक्स-पी-डीची अट नसणारं औषध, ही दोन्ही यकृतपेशीच्या बशीतूनच येतील. आपल्याकडे रुग्ण आहेत, स्टीफेन्सी डासांच्या वसाहती सांभाळणारे कीटकशास्त्रज्ञ आहेत, औषधं आणि लशी बनवणारे कारखाने आहेत, मोठी प्रत्यारोपण केंद्रं आहेत जिथून प्रत्यारोपणाला न चालणारी यकृतं संशोधनाला मिळू शकतात. या चार गोष्टी एकत्र असलेली शहरं जगात फार थोडी. मुंबई आणि पुणे त्यांत बसतात. त्यांना एकत्र आणणारं, व्हायवॅक्सच्या यकृत-अवस्थेला वाहिलेलं एक केंद्र महाराष्ट्रात असावं, त्याला वर्षावर्षाच्या प्रकल्पांऐवजी दहा-पंधरा वर्षांचा खात्रीचा निधी मिळावा, ही मागणी मला रास्त वाटते. या रोगाचे रुग्ण आपले आहेत, म्हणून त्याच्या सर्वांत अवघड प्रश्नाचं उत्तर शोधण्याची जबाबदारीही आपली आहे.